खंदकाविना लष्कर

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा सिंदखेडराजा-साखरखेर्ड्याचा टापू अठराव्या शतकात दोनदा मोठ्या फौजांच्या तळाखाली गेला. ऑक्टोबर 1724 मध्ये साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला हरवले. खान पडला आणि दख्खनमध्ये निजामाचे पाय रोवले गेले. डिसेंबर 1757 मध्ये विश्वासराव पेशवे आणि दत्ताजी शिंदे यांच्या फौजा सिंदखेडला निजामअलीशी भिडल्या, आणि साखरखेर्ड्याच्या तहात मराठ्यांना पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग मिळाला. पुस्तकांत लढाई येते, तह येतो. पण ती हजारो माणसे, घोडी आणि बैल या माळांवर खातपीत-झोपत कशी होती, हे क्वचितच येते. त्यामागे एक जुनी समजूत आहे: छावणीची शिस्त रोमनांची, आपल्याकडे होती ती नुसती गर्दी. ही समजूत मला मान्य नाही. आपल्या लष्करी तळालाही रचना होती, फक्त ती तटाभोवती नव्हे, बाजाराभोवती उभी राहत असे.

रोमन छावणीचे कौतुक रास्तच आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने तिचे बारकाईने वर्णन केले आहे. मोजणीदार पुढे जाऊन सेनापतीच्या तंबूची जागा ठरवत आणि तिथून सरळ रस्ते आखले जात. तंबू आणि तट यांच्यामध्ये दोनशे फूट मोकळी जागा सोडत. रात्रीचे चार पहारे असत. परवलीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी तुकडीतुकडीतून फिरून दिवस मावळण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यायची, त्यामुळे कुठली पाटी आली नाही हे लगेच कळे. पहाऱ्यावर झोपलेल्याला त्याचेच सोबती काठ्या-दगडांनी मारत. एका मुक्कामापुरताही खंदक खणायचा, असा हा शिरस्ता होता.

आता 1809 मधली दौलतराव शिंद्यांची छावणी पाहा. इंग्रज वकिलाच्या रक्षकदलाचा अधिकारी टॉमस ब्रॉटन याने तिच्यात राहून लिहिलेली पत्रे 1813 मध्ये छापली गेली. मराठ्यांविषयी त्याच्या मनात फारसा आदर नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. तो सांगतो की बिनीवाले पुढे जाऊन पांढरे निशाण रोवत. तिथे महाराजांची देवडी, म्हणजे त्यांचे तंबू. मग प्रत्येक बाजाराचे निशाण शक्य तितके ठरल्या जागी लागे, दोन्ही बाजूंना दुकानांच्या ओळी उभ्या राहत आणि लष्कराच्या तोंडापासून पिछाडीपर्यंत एकच सरळ पेठ तयार होई, कधीकधी तीन-चार मैल लांब. गाव रोज बदलले तरी आपला बाजार कुठे आणि आपले पाल कुठे, हे ज्याचे त्याला ठाऊक असे. हे वर्णन सिंदखेडचे नव्हे आणि अर्धशतकानंतरचे आहे, हे खरे. पण बिनी, देवडी आणि निशाणे ही चाल जुनी. 1757 चा तळ मुळातच वेगळा असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

बाजारच कणा का झाला? फौज घोडदळाची, आणि घोड्याला रोज दाणा-वैरण लागते. ती आणायला कही, म्हणजे वैरण गोळा करणारी टोळी, बाहेर पडे. पण धान्याचा मोठा पुरवठा वंजाऱ्यांच्या तांड्यांवर, हजारो बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांवर चाले. घाटाखाली पूर्णेचे काळे रान आणि घाटावर पैनगंगेचा उगम, अशा या जिल्ह्यात तांडे अजिंठ्याच्या रांगेतले घाट चढून येत. रोज खंदक खणणाऱ्या फौजेला पायदळाचे हात लागतात. घोडदळाचे संरक्षण हालचालीत असते. 1803 मध्ये असई आणि अडगाव जिंकणारा इंग्रज सेनापती वेलस्लीसुद्धा धान्यासाठी याच वंजाऱ्यांवर विसंबून होता.

यावर पानिपताचा आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. बाजारबुणग्यांनी लष्कर जड केले हे उघड आहे. शिवछत्रपतींच्या फौजेत बायका, बटकी, कलावंतिणी नेण्याची बंदी होती, असे बखरकार सभासद सांगतो. ती कडक शिस्त पुढे सैल झाली. पण पानिपतावर मराठ्यांनी तळाभोवती खंदक खणलाच होता. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची वाट तुटली आणि खंदकाच्या आत फौज उपाशी मरू लागली. खंदक होता, बाजारात धान्य नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: या बाजारात दाणा आला कुठून? तांडा पोचला नाही की कही गावांवर पडे. राज्यकर्त्यांना हे पुरते ठाऊक होते. चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेल्या शिवछत्रपतींच्या पत्रात दाणा-गवत पावसाळाभर पुरवून वापरावे, रयतेकडून काही उपटून न आणता बाजारातून विकत घ्यावे, चुली आणि दिव्यांच्या आगीपासून गवताच्या गंजी जपाव्यात, इतका तपशील आहे. पेशवाईच्या कागदांत लष्कराच्या पायमल्लीबद्दल गावांना दिलेली सूटही सापडते. तरीही 1803-04 च्या दुष्काळात, फौजांनी तुडवलेल्या या मुलखात, सिंदखेडच्या भागात माणसे अन्नावाचून मेली; वेलस्लीनेच ते नोंदवले आहे. रोमन तळांच्या दगडी भिंती इस्राएलमधल्या मसाडाच्या वाळवंटात आजही दिसतात. आपल्या तळांचा मागमूस घाटावरच्या जमिनीत उरलेला नाही, म्हणून त्यांचा शोध मोडी दफ्तरांतल्या पायमल्लीच्या नोंदींपासून सुरू करायला हवा, गाव आणि साल लावून.