आषाढातला कडूकंद

मोखाड्याजवळच्या पाड्यावर आषाढात सकाळी पोचलो, तेव्हा चुलीवर कडूकंदाच्या चकत्या शिजत होत्या. घरची बाई मूठमूठ राख त्यात टाकत होती. कंद तिनं आदल्या दिवशी रानातून खणून आणला होता. शिजलेल्या चकत्या टोपलीत भरून ती ओढ्यावर गेली, टोपली वाहत्या पाण्यात बुडवली, वर दगड ठेवला. रात्रभर पाणी खेळलं की कडूपणा उतरतो. घाई केली तर घसा धरतो, उलट्या होतात. म्हणजे खणण्यापासून घास तोंडात जाईपर्यंत दोन दिवस, आणि तेही एका जेवणासाठी.

घरातली कणगी तळाला गेली होती. नाचणी, वरई दिवाळीच्या आगेमागे घरात येते. नंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पावसाआधी परततात. आणलेला पैसा बियाणं आणि उधारी यांतच जिरतो. मग आवणी लागते. दिवसभर ओणवं राहून चिखलात रोपं लावायची, तीही अर्ध्या पोटी. वर्षातलं सगळ्यात जड काम आणि सगळ्यात रिकामी चूल एकाच महिन्यात येतात.

रान मात्र हिरवंगार असतं. ज्येष्ठात शेवळं, मग टाकळा, कुरडू, कोळी. शहरांत याच भाज्यांचे महोत्सव भरतात. ओसरीवर बसलेली सासू म्हणाली, "पाला खाऊन भूक जात नाय. दाणा लागतो." इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. आवणी करणाऱ्या बाईला ते कसं पुरावं?

सरकारला हे ठाऊक नाही, असं नाही. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठीच १९७८ पासून राज्यात आदिवासींना खावटी कर्ज मिळू लागलं. पुढे कर्जाचं अनुदान झालं : कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. त्याचा शासन निर्णय निघाला सप्टेंबर २०२० मध्ये. तोवर त्या वर्षीची आवणी कधीच उरकली होती.

खावटी द्यायची तर ती मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी घरात पडू द्या. आणि रेशनच्या गहू-तांदळाबरोबर नाचणी द्या, तेल द्या, डाळ द्या.