संगणक प्रणालीतील खंडकाळ

व्यवसायातील संगणक प्रणाली ज्या काळात अपेक्षित सेवा देऊ शकत नाही, तो काळ. देखभालीसाठी प्रणाली हेतुपुरस्सर बंद ठेवल्यास तो नियोजित खंडकाळ होय. अनियोजित खंडकाळास विद्युत् पुरवठ्यातील व्यत्यय, यंत्रसामग्रीतील बिघाड, आज्ञावलीतील दोष, दूरसंचार जोडणी तुटणे, मानवी चुका इ. कारणे असतात. ९९.९ टक्के उपलब्ध असणारी प्रणालीही वर्षातून सु. पावणेनऊ तास बंद असते.

बिघाड बहुधा साखळीने पसरतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दोन केंद्रांमधील दूरसंचार जोडण्या अस्थिर झाल्या. त्यामुळे माहिती साठविणारी प्रणाली प्रतिसाद देईनाशी झाली. तीवर अवलंबून असलेली जोखीम व्यवस्थापन प्रणाली बंद पडली आणि सकाळी ११·४० वाजता व्यवहार थांबवावे लागले. ते दुपारी ३·४५ वाजता पुन्हा सुरू झाले व ५ वाजेपर्यंत चालले. जोडण्या दोन वेगळ्या पुरवठादारांच्या होत्या. तथापि बाजाराच्या निवेदनानुसार केंद्रांमधील रस्त्यावरील खोदकाम व बांधकाम हे मुख्य कारण होते. पर्यायी साधने केवळ संख्येने अधिक असून भागत नाही. एकाच कारणाने ती एकदम निकामी होणार नाहीत, अशी त्यांची रचना असावी लागते.