वेगवान इंजिनाची टायमिंग चेन : जाड की हलकी?

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याने मोटारीच्या चेनवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण चेन आणि कापड यांचे नाते जुने आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स रेनॉल्ड यांनी १८७९ साली इंग्लंडात मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथे जेम्स स्लेटर यांचा छोटासा चेनचा धंदा विकत घेतला. तेथे कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनत. पुढच्याच वर्षी, १८८० साली, रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेन काढली. आज सायकलीला, मोटारसायकलीला जी चेन दिसते ती त्याच जातीची.

भिवंडी-मालेगावच्या बंधूंना तर टायमिंग म्हणजे काय हे समजावून सांगायलाच नको. साध्या पॉवरलूमचा क्रँक शाफ्ट दोन फेरे करतो तेव्हा खालचा शाफ्ट एक फेरा करतो. मोटारीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा हिशेब अगदी तोच आहे. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. लूमचे टायमिंग चुकले की धोटा ताण्यात अडकतो आणि धागे तुटतात. इंजिनाचे टायमिंग चुकले तर आजच्या बहुतेक गाड्यांत उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो. धागे सांधता येतात. वाकलेले व्हॉल्व्ह आणि फुटलेला पिस्टन भंगारातच जातात.

कुर्ल्याच्या गॅरेजांपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत आपले अनेक तरुण या धंद्यात आहेत. अलीकडे शौकीन गिऱ्हाईक गाडीचे इंजिन ‘तयार’ करून मागते. कॅम बदला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक टाका, इंजिन आठ हजारांवर फिरले पाहिजे. चेनची गोष्ट निघाली की एकच शब्द येतो, ‘जाड टाका’. इंजिन फुटले की मात्र नाव मिस्त्रीचे जाते, शौकिनाचे नाही. म्हणून हा विषय.

जाड चेन म्हणजे मजबूत चेन, ही समजूत कोठून आली तेही पाहू. जुन्या मिनी मोटारीला एकेरी चेन असे आणि तिच्या वेगवान कूपर एस या भावंडाला दुहेरी. तेव्हापासून शर्यतवाल्यांच्या मनात दुहेरी चेन बसली आहे. पण मिनीचा कॅम खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारीच होता. चेन वीतभर लांब. आजच्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये असतो आणि चेन लांबलचक असते. तेथे तिचे स्वतःचे वजनच तिचे वैरी होते.

थोडा हिशेब करू, व्यापाऱ्याला हिशेबाचा कंटाळा नसावा. पाऊण बोटाहून बारीक, ९.५ मिलिमीटर पिचची चेन, क्रँकच्या गिअरला २० दाते आणि ९,००० फेरे धरा. चेन सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावते. गिअरवरून वळताना तिला बाहेर फेकणारा जोर येतो. अशी एकेरी चेन मीटरला साधारण ४०० ग्रॅम भरते, तिच्यावर केवळ स्वतःच्या वजनाने ३३ किलोच्या आसपास ताण पडतो. दुहेरी चेन जवळजवळ दुप्पट वजनाची, म्हणून ताणही जवळजवळ दुप्पट. शिवाय हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट, तर ताण चौपट. जाड चेन तुटायची नाही हे खरे, पण गाईड आणि टेन्शनर यांचा जीव ती घेते.

दुसरी गोष्ट पिचची. चेन गिअरवर गोल फिरत नाही, कोनाकोनाने फिरते. १८ दात्यांच्या गिअरवर तिचा वेग प्रत्येक दात्यागणिक सुमारे दीड टक्क्याने कमी-जास्त होतो, २३ दात्यांवर एक टक्क्याहूनही कमी. म्हणून बारीक पिच आणि जास्त दाते वेगवान इंजिनाला मानवतात. दातेदार पट्ट्यांची सायलेंट चेन याहून हळुवार बसते. होंडाच्या के-२० इंजिनाला तीच आहे. ९,००० फेऱ्यांच्या होंडा एस-२००० मध्ये तर कारागिरांनी चेन आखूडच ठेवली. ती क्रँकपासून मधल्या गिअरपर्यंत जाते, तेथून कॅमपर्यंत दात्याला दाता. कॉसवर्थच्या प्रसिद्ध डी.एफ.व्ही. शर्यत इंजिनात १९६७ साली चेन ठेवलीच नव्हती, सगळे गिअर.

आपल्याकडे काम येते ते बहुधा मारुती स्विफ्टचे १.२ किंवा होंडा सिटीचे १.५. दोन्हींना कंपनीची चेन आहे. माझे मत असे की जोपर्यंत कॅम आणि स्प्रिंग मूळच्या आहेत तोपर्यंत कंपनीचीच नवी चेन, नवे गिअर, नवे गाईड आणि नवा टेन्शनर असा पूर्ण संच टाकावा. कडक स्प्रिंग आणि उंच कॅम आले की चेनला बसणारे हिसके वाढतात, तेव्हा नामांकित कारखान्याची त्याच पिचची, चांगल्या पोलादाच्या पिनांची चेन शोधावी. क्लिप लॉकने जोडलेली चेन इंजिनात नको. ती रिव्हेट केलेली, अखंडच हवी.

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो. खरे तर पोलाद ताणत नाही, पिना आणि बुश झिजतात. कॅमच्या गिअरला ४० दाते, ८ मिलिमीटर पिच आणि ताणाच्या बाजूला ४० कड्या असल्या तर अर्धा टक्का झिजेने कॅम क्रँकच्या मापात साडेतीन अंशांहून अधिक मागे पडतो. एवढ्याने गाडीची खालची ताकद जाते आणि गिऱ्हाईक दोष कॅमला देते. काळे झालेले, वेळेवर न बदललेले तेल ही झीज झपाट्याने वाढवते. हायड्रॉलिक टेन्शनरही तेलाच्या दाबावरच जगतो.

खरेदीत सावध राहा. नकली माल डबीवरून ओळखता येत नाही, पोलादाला दिलेली आंच तर डोळ्यांना दिसतच नाही. तरी चेन हातात घेऊन प्रत्येक कडी वाकवून पाहा. एखादी अडखळली, किंवा रिव्हेटची डोकी सारखी नसली, तर परत करा. पक्के बिल घ्या. भंगारातल्या इंजिनातून काढलेली चेन कितीही चकचकीत असो, घेऊ नका.

हेड घासले असेल तर कॅम खाली येतो आणि टायमिंग मागे सरते. तेथे खुणांवर विसंबू नये, डिग्री प्लेट आणि डायल लावून मोजावे. सगळे बसल्यावर चेनवर तेल ओता, स्पार्क प्लग काढा, पाना लावून क्रँक हाताने सुलट दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. कोठे अटकाव लागला तर जोर करू नका, कव्हर पुन्हा उघडा.