मेपल स्ट्रीटवरचे राक्षस नेमके कोण?

परग्रहवासीयांना पृथ्वी जिंकायची असेल, तर शस्त्रांची गरज भासेल काय? 'द ट्वायलाइट झोन' या गाजलेल्या अमेरिकी मालिकेच्या एका भागात या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे मिळते. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा तो भाग ४ मार्च १९६० रोजी सीबीएस वाहिनीवरून प्रक्षेपित झाला. मालिकेचे जनक रॉड सर्लिंग यांनीच तो लिहिला होता.

एका शांत वसाहतीवरून संध्याकाळी काहीतरी झळाळत जाते आणि वीज, दूरध्वनी, मोटारी सारेच बंद पडते. विज्ञानकथा वाचणारा टॉमी नावाचा मुलगा सांगतो, की परग्रहवासी आधी माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब पाठवतात. तेवढ्यावरून शेजारी एकमेकांना न्याहाळू लागतात.

'पुरावे' मात्र अगदी साधे असतात. एकाची मोटार आपोआप सुरू होते. निद्रानाशामुळे तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे पाहतो, हेही त्याच्याविरुद्ध जाते. दुसऱ्याचा हौशी रेडिओ संच संशयास्पद ठरतो. पलीकडच्या रस्त्यावरची स्थिती पाहून अंधारात परतणाऱ्या शेजाऱ्यालाच गोळी घातली जाते. गोळी झाडणाऱ्याच्या घरात दिवे लागताच जमाव त्याच्यावर उलटतो आणि तो टॉमीकडे बोट दाखवतो. टेकडीवरून हे पाहणाऱ्या परग्रहवासीयांनी केवळ काही यंत्रे बंद-चालू केलेली असतात.

या कथेला पार्श्वभूमी होती ती शीतयुद्धाची. १९५० च्या दशकात सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी मोहिमेने अमेरिकेत संशयाचे वातावरण निर्माण केले होते. त्या काळी दूरचित्रवाणीवर प्रायोजकांचा वचक असे. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्यातून सुचलेले सर्लिंग यांचे नाटक १९५६ मध्ये प्रक्षेपित झाले, तेव्हा मूळ विषय ओळखू येऊ नये इतके बदल त्यात करण्यात आले होते. वास्तववादी नाटकात जे कापले जाई, ते परग्रहवासीयांच्या आडून सांगता येते, हे सर्लिंग यांनी हेरले.

२००३ मध्ये या कथेची नवी आवृत्ती आली. तिच्यात भीती दहशतवाद्यांची होती आणि प्रयोग करणारे होते सरकारचेच लोक. शत्रू बदलला, पण शेजाऱ्यावर संशय घेण्याची तऱ्हा तीच राहिली.