‘मांबो?’ला उत्तर आलं का?

केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना दर आठवड्याला मोबाइलवर एकच शब्द जाई: ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ ‘सावा’ आलं तर ठीक. ‘शिदा’ म्हणजे ‘अडचण’ आली, किंवा ४८ तासांत उत्तरच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन जाई. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५३८ रुग्ण होते. औषधं नियमित घेणारे संदेश-गटात ६२ टक्के, इतरांत ५० टक्के निघाले.

दक्षिण भारतातल्या ६३१ रुग्णांच्या चाचणीत मात्र स्वयंचलित कॉल आणि चित्रसंदेशांनी फरक पडला नाही. म्हणून मोबाइलच मोडीत काढायचा? माझ्या मते गुण यंत्रापेक्षा विचारपूस करणाऱ्या माणसाचा आहे. फोन घरच्यांच्या हाती पडेल, ही भीती रास्तच, पण ‘मांबो?’त आजाराचं नावही नाही.