कॉम्प्रेशन स्प्रिंग कशी निवडायची? माप, मटेरियल आणि ऑर्डर देण्याची योग्य पद्धत



आज एका अगदी छोट्या वस्तूबद्दल बोलूया. किंमत थोडीशी, पण चुकली तर अख्खं मशीन परत येतं. ती वस्तू म्हणजे कॉम्प्रेशन स्प्रिंग. दाबली की आखडते, सोडली की परत उठते, तीच ती.

माझ्याकडे ट्रेनिंगला आलेला एक तरुण हाताने चालवायचं द्रोण-पत्रावळीचं मशीन बनवतो. वरची प्लेट आणि डाय मिळून साधारण २० किलो. हँडल ओढलं की प्लेट खाली येते आणि चार खांबांवरच्या चार स्प्रिंगा तिला परत वर उचलतात. पहिल्या लॉटला सगळं छान चाललं. दुसऱ्या लॉटला त्याने दुकानात जुनी स्प्रिंग दाखवली आणि म्हणाला, "अशाच द्या." स्प्रिंगा दिसायला अगदी तशाच होत्या, पण प्लेट पूर्ण वर जाईना. विकलेली मशीन्स परत आली. गाडीभाडं गेलं, दोन आठवडे गेले, आणि एका ग्राहकाने तर पुढची ऑर्डरच रद्द केली.

आम्ही मायक्रोमीटर लावला. आधीची वायर २ मिमी होती, नवीन १.९ मिमी. फरक फक्त ०.१ मिमी. एवढ्याने मशीन कसं काय बंद पडतं? तेच आज समजून घेऊ.

आधी पाच मापं

१. वायरची जाडी. मायक्रोमीटरने, दोन-तीन ठिकाणी मोजा. पट्टीने मोजायचं नाही. प्लेटिंग किंवा रंग असेल तर तो जाडीत धरला जातो, हे लक्षात ठेवा.

२. बाहेरचा व्यास, म्हणजे ओडी. व्हर्नियरने मोजा. त्यातून एक वायरजाडी वजा केली की मधला व्यास मिळतो. हिशोब मधल्या व्यासावर होतो. १८ मिमी ओडी आणि २ मिमी वायर असेल तर मधला व्यास १६ मिमी.

३. फ्री लेंथ. काहीही वजन नसताना स्प्रिंगची उंची.

४. वेढे. एकूण वेढे मोजा. दोन्ही टोकं बंद असतील तर दोन्हीकडचा एकेक वेढा काम करत नाही, नुसता टेकतो. म्हणून एकूण १० असतील तर चालू वेढे ८.

५. टोकं. उघडी, बंद, की बंद करून ग्राइंड केलेली? ग्राइंड केलेली स्प्रिंग सरळ उभी राहते. साध्या कामाला बंद टोकं चालतात, पण दाब सरळ हवा असेल तर ग्राइंड करूनच घ्या.

एक सावधगिरी. वापरलेल्या मशीनमधून काढलेली स्प्रिंग नमुना म्हणून देऊ नका. वर्षभर दबून ती बसलेली असते, तिची उंची मूळ उंचीपेक्षा कमी झालेली असते. तुम्ही त्या बसलेल्या स्प्रिंगची कॉपी करून घेता आणि नवीन माल पहिल्या दिवसापासून कमजोर निघतो.

एक सूत्र, घाबरू नका

स्प्रिंग १ मिमी दाबायला किती जोर लागतो, त्याला स्प्रिंग रेट म्हणतात. तो असा काढतात:

वायरजाडीचा चौथा घात घ्या, त्याला मटेरियलच्या आकड्याने गुणा. मग मधल्या व्यासाचा घन, चालू वेढे आणि ८ यांचा गुणाकार करून त्याने भागा.

स्टीलच्या स्प्रिंग वायरसाठी मटेरियलचा आकडा साधारण ८०,००० धरतात. आपल्या स्प्रिंगचा हिशोब करू. वायर २ मिमी, तिचा चौथा घात १६. मधला व्यास १६ मिमी, त्याचा घन ४,०९६. चालू वेढे ८.

८०,००० × १६ = १२,८०,०००
८ × ४,०९६ × ८ = २,६२,१४४
भागाकार = ४.८८ न्यूटन प्रति मिमी

एक किलो म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. म्हणजे ही स्प्रिंग दर मिमीला जवळजवळ अर्धा किलो जोर देते.

आता मशीनकडे या. प्लेट वर असताना स्प्रिंग १२ मिमी दबलेली ठेवली होती. एका स्प्रिंगचा जोर सुमारे ६ किलो, चारचा मिळून २४ किलो. प्लेट २० किलोची. म्हणजे उचलून वर ४ किलो शिल्लक, ते खांबांच्या घर्षणासाठी.

१.९ मिमी वायरचं काय झालं? ओडी तेच १८ मिमी ठेवून हिशोब केला तर रेट ३.९ च्या आसपास येतो. १२ मिमी दाबल्यावर एका स्प्रिंगचे ४.८ किलो, चारचे मिळून १९ किलो. प्लेटचंच वजन २० किलो! मग ती वर टेकणार कशी?

बघा, वायर फक्त ५ टक्के बारीक झाली, पण जोर जवळपास २० टक्के पडला. कारण जाडीचा चौथा घात लागतो.

"मग जाड वायर घेऊन मोकळं व्हावं!" असं म्हणाल, तर तेही महागात पडतं. तेच ओडी आणि २.२ मिमी वायर घेतली तर रेट ७.४ होतो. या मशीनचा स्ट्रोक १५ मिमी आहे, म्हणजे प्लेट खाली असताना स्प्रिंग २७ मिमी दबते. २ मिमी वायरला तिथे प्लेटचं वजन वजा जाता हँडलच्या यंत्रणेला साधारण ३४ किलोचा विरोध येतो. २.२ मिमीला तो ६२ किलोच्या आसपास जातो. दिवसभर हँडल मारणाऱ्या ताईंचा खांदा दुसऱ्या दिवशी उठणार नाही. मशीन चालेल, पण चालवायला माणूस मिळणार नाही.

जागा पुरते का, तेही बघा

स्प्रिंग पूर्ण दाबली की वेढ्याला वेढा लागतो. ती सॉलिड लेंथ. ग्राइंड टोकं असतील तर एकूण वेढे गुणिले वायरजाडी. आपल्याकडे १० × २ = २० मिमी. फ्री लेंथ ५५ मिमी, म्हणजे जास्तीत जास्त ३५ मिमी दबू शकते. आपण २७ मिमीपर्यंतच दाबतो, ८ मिमी राखीव. एकूण दाबाच्या किमान १५ टक्के तरी राखीव ठेवा. रोज वेढ्याला वेढा आपटणारी स्प्रिंग लवकर बसते किंवा तुटते.

आणखी तीन गोष्टी:

मधल्या व्यासाला वायरजाडीने भागा. उत्तर ४ ते १२ मध्ये असेल तर बनवायला सोपं. आपलं १६ ÷ २ = ८, उत्तम.

फ्री लेंथ मधल्या व्यासाच्या चारपटीहून जास्त असेल तर स्प्रिंग दाबताना कुशीला वाकते. तिथे आत रॉड किंवा बाहेर पाइप हवाच.

दाबल्यावर ओडी किंचित वाढतो. म्हणून १८ मिमीची स्प्रिंग बरोबर १८ मिमीच्या भोकात बसवू नका, अडकेल. आतला रॉडही थोडा बारीक ठेवा. आपल्या स्प्रिंगचा आतला व्यास १४ मिमी, तिला १२ मिमीचा रॉड छान चालतो.

मटेरियल: नुसतं "स्टील" म्हणू नका

कोल्ड ड्रॉन कार्बन स्टील. सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वापरली जाणारी. भारतीय मानक आयएस ४४५४ च्या भाग १ मध्ये हिच्या ग्रेड आहेत: एसएल, एसएम, डीएम, एसएच, डीएच. एस म्हणजे स्थिर लोडसाठी, डी म्हणजे सतत वर-खाली होणाऱ्या लोडसाठी. पुढचं अक्षर ताकदीचं: एल कमी, एम मध्यम, एच जास्त. दिवसात हजारो स्ट्रोक मारणाऱ्या मशीनला डीएम किंवा डीएच मागा. ही वायर गंजते, आणि साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर वापरू नये.

ऑइल टेम्पर्ड वायर. आयएस ४४५४ भाग २. जाड आणि जड कामाच्या स्प्रिंगांसाठी. जास्त उष्णता आणि धक्के असतील तर क्रोम सिलिकॉन, ती २०० अंशांच्या पुढेही टिकते.

स्टेनलेस स्टील. आयएस ४४५४ भाग ४. खाद्यपदार्थ, पाणी, दमट हवा असेल तिथे ३०४ किंवा ३०२. समुद्राकाठी, मिठाच्या संपर्कात ३१६ जास्त बरी. साधारण २५० अंशांपर्यंत चालते.

पण इथेच अनेक जण फसतात. स्टेनलेसचा आकडा ८०,००० नाही, ७०,००० च्या आसपास आहे. ग्राहक म्हणाला, "गंज नको, स्टेनलेस द्या," आणि तुम्ही तीच मापं ठेवून मटेरियल बदललं, तर जोर १२ टक्क्यांनी घटला. आपल्या मशीनमध्ये २४ चे २१ किलो होतील आणि प्लेट घर्षणात अडकेल. उपाय सोपा आहे. चालू वेढे ८ ऐवजी ७ करा, रेट पुन्हा ४.८८ येतो. मात्र स्टेनलेस वायरची ताण सहन करण्याची क्षमता थोडी कमी असते, म्हणून ताणाचा हिशोब स्प्रिंग बनवणाऱ्याकडून तपासून घ्या.

आणि हो, चुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका. वायर थंड ओढताना ३०४ सुद्धा थोडी चुंबकाला चिकटते. टेस्ट सर्टिफिकेट मागा.

फॉस्फर ब्राँझ. वीज वाहून न्यायची असेल तिथे, स्विच वगैरे. ही बरीच मऊ, स्टीलच्या साधारण निम्मा जोर देते.

प्लेटिंगचा छुपा धोका

गंजू नये म्हणून कार्बन स्टीलच्या स्प्रिंगला झिंक प्लेटिंग करतात. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होतं. स्प्रिंग आज चांगली दिसते, दोन दिवसांनी नुसत्या दाबाखाली पटकन तुटते. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच, काही तासांच्या आत, साधारण २०० अंशांवर बराच वेळ बेकिंग करावं लागतं. प्लेटिंगवाल्याला स्पष्ट विचारा, "बेकिंग करता का? किती तास?" उत्तर गोलमाल आलं तर दुसरा बघा.

घरच्या घरी टेस्ट

महाग टेस्टर नको. ड्रिल मशीनच्या टेबलावर वजनकाटा ठेवा, काट्यावर स्प्रिंग. वरून चकमध्ये धरलेल्या सपाट टोकाने दाबा, ड्रिल अर्थातच बंद ठेवून. १० मिमी दाबून किलो लिहा, २० मिमी दाबून किलो लिहा. फरकाला १० ने भागा. आपल्या स्प्रिंगला उत्तर अर्ध्या किलोच्या आसपास यायला हवं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यात आकडे फसवे येतात, म्हणून मधल्या टप्प्यातच मोजा. दाबताना चष्मा घाला, स्प्रिंग उडते.

ऑर्डर अशी द्या

त्या तरुणाने आता एक कागद बनवला आहे. त्यावर लिहितो: आत १२ मिमी रॉड, ओडी १८ पेक्षा जास्त नको, फ्री लेंथ ५५, ४३ मिमी उंचीला ६ किलो, २८ मिमी उंचीला साधारण १३.४ किलो, जोरात १० टक्के कमी-जास्त चालेल, मटेरियल ग्रेड डीएम, टोकं बंद आणि ग्राइंड. वायर आणि वेढे फक्त संदर्भासाठी.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सगळीच मापं बांधून टाकली तर जोर जुळवायला कारागिराच्या हातात काहीच उरत नाही. तुम्हाला हवा असतो जोर. तो पक्का करा, वेढ्यांची थोडी मोकळीक त्याला द्या.

आधी १० नग मागवा, मोजा, मशीनवर लावून बघा, मगच लॉट द्या. एक मंजूर नमुना पिशवीत सील करून, तारीख घालून ठेवा. आणि तयार कॅटलॉगमधली स्प्रिंग जुळत असेल तर खास बनवून घेऊच नका, वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. डाय-टूलिंगच्या चौकोनी वायरच्या स्प्रिंगा तर रंगावरून मिळतात: हिरवी हलकी, निळी मध्यम, लाल जड, पिवळी त्याहून जड.

मित्रांनो, "अशीच द्या" हे वाक्य आजपासून बंद. तुमच्या मशीनमधली एक स्प्रिंग काढा, पाचही मापं लिहा, रेट काढा आणि काट्यावर ताडून बघा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मापं आणि हिशोब मला कमेंटमध्ये पाठवा, चूक कुठे आहे ते आपण मिळून शोधू.