रेघ कुठे ओढायची? उंदराच्या स्कॅनमधलं मोजमाप

पीक विम्यासाठी होणारे पीक कापणी प्रयोग आपल्या मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहेत. सगळं शेत कापत नाहीत. एक तुकडा आखतात, तेवढंच पीक काढून तोलतात आणि त्यावरून हिशोब करतात. म्हणूनच तुकडा कुठे घ्यायचा हे पीक बघून नाही, तर नियमाने ठरवावं लागतं. आज आपल्याला असाच तुकडा आखायचाय, पण उंदराच्या अंगात.

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. कर्करोगाच्या अभ्यासासाठी तिथे लहान प्राण्यांचं पेट आणि सीटी स्कॅनिंग होतं. पेटमध्ये बहुतेक वेळा एफडीजी, म्हणजे किरणोत्सर्गी ग्लुकोज, टोचतात. बऱ्याच गाठी ग्लुकोज जास्त ओढतात, म्हणून त्या पडद्यावर उजळ दिसतात.

पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. आकडा हवा असेल तर गाठीभोवती सीमा आखून द्यावी लागते. तिला म्हणतात ‘रीजन ऑफ इंटरेस्ट’, थोडक्यात आरओआय.

आता गणित बघा. गाठ गोल, व्यास ४ मिलिमीटर. घनफळ झालं साधारण ३३.५ घन मिलिमीटर. सीमा चहूबाजूंनी फक्त अर्धा मिलिमीटर बाहेर सरकली, तर घनफळ होतं ६५.४, म्हणजे जवळजवळ दुप्पट! गाठीची तीव्रता १० आणि शेजारच्या स्नायूची १ धरा. नेमकी सीमा आखली तर सरासरी १०, सैल आखली तर ५.६.

समजा, औषधाआधी सीमा घट्ट आखली आणि औषधानंतर सैल. कागदावर दिसेल की औषधाने गाठीची भूक जवळजवळ निम्मी केली. प्रत्यक्षात औषधाने काहीच केलेलं नाही, आपला हात सैल पडला! अशा आकड्याच्या भरवशावर पुढे माणसांवर चाचणी करायची का? आणि त्या उंदरांचा जीव कशासाठी गेला?

त्यातच पेटची प्रतिमा मुळात थोडी धूसर असते. लहान गाठीचा उजेड कडेने बाहेर सांडतो आणि शेजारचा आत येतो. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्राशय झगझगतं. गाठ त्याच्याजवळ असेल तर जास्तच जपावं लागतं.

मग करायचं काय? शरीररचना सीटीवर बघून सीमा आखा आणि ती तिन्ही बाजूंच्या छेदांत तपासा. कमाल तीव्रतेच्या अमुक टक्क्यांवर सीमा घ्यायची असं ठरवलं असेल, तर ती टक्केवारी प्रयोगाआधीच लिहून ठेवा आणि सगळ्या उंदरांना तीच लावा. आखणाऱ्याला कुठल्या उंदराला औषध दिलंय हे कळू देऊ नका. काही प्रतिमा दुसऱ्याकडूनही आखून घ्या. दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते कळतं. औषधाचा परिणाम त्या फरकाएवढाच असेल, तर त्याला परिणाम म्हणू नका.

पुढच्या वेळी एखादा शोधनिबंध वाचाल, तेव्हा आलेखाआधी एवढंच शोधा: रेघ कुणी ओढली आणि कुठल्या नियमाने?